नव्या गाडीचं क्राऊन ऑइल लवकर बदलावं का? पिकअप, जीप आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी माहिती

नवीन पिकअप दारात उभी राहिली की महिन्याभरात दोन सल्ले कानावर येतात. शोरूमवाले सांगतात, मागच्या क्राऊनच्या ऑइलला एवढ्यात हात लावायचा नाही, पुस्तकात लिहिलंय तेव्हा बदलू. स्टँडवरचा मिस्त्री सांगतो, कंपनीचं पहिलं ऑइल लवकर काढून टाका, त्यात लोखंडाचा भुसा असतो. गाडीमालक मध्येच अडकतो. ऑइल दीड-दोन लिटरच लागतं, पण क्राऊन-पिनियन गेलं तर खर्च हजारांत जातो. त्यात हंगामात गाडी आठ दिवस गॅरेजला उभी राहिली तर भाडं बुडतं आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

आधी आपल्या गाडीला हे ऑइल वेगळं आहे का, ते बघा. अल्टो, स्विफ्ट, वॅगन आर, अर्टिगा या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असतं, त्यामुळे मागचं ऑइल हा विषयच नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, सुमो, पिकअप, टाटा एस, ओम्नी, ईको यांना मात्र मागच्या एक्सलच्या मधोमध तो गोल फुगवटा असतो. त्यालाच आपल्याकडे क्राऊन किंवा हाउसिंग म्हणतात. फोर बाय फोर गाडीला पुढेही तसंच एक असतं, आणि ते बहुतेक जण विसरतात.

आत नेमकं काय चालतं

खळ्यावर मेढीभोवती पात धरली की मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि कडेचा झपाझप चालतो. गाडी वळताना मागच्या दोन चाकांचं तसंच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जखडली असती तर प्रत्येक वळणाला टायर घासले असते. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणं हे डिफरन्शियलचं काम.

ऑइलवर खरा ताण येतो तो क्राऊन आणि पिनियनच्या दातांत. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, ते घासत सरकतात. भरलेली गाडी चढाला लागली की त्या एवढ्याशा जागेवर प्रचंड दाब येतो आणि साधं ऑइल तिथून पिळून बाहेर जातं. म्हणून या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती दातांवर पातळ थर धरतात आणि लोखंड लोखंडाला चिकटू देत नाहीत. नव्वद नंबरच्या ऑइलला जो उग्र वास येतो, तो या गंधकाचाच.

कारखान्यातून आलेले दात डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक उंचवटे असतात. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये ते घासून जातात आणि दात एकमेकांना ‘बसतात’. तो घासलेला चुरा ऑइलमध्येच राहतो, कारण इथे इंजिनासारखा ऑइल फिल्टर नसतो. म्हणजे मिस्त्री म्हणतो तो भुसा खराच आहे. पहिलं ऑइल काढलं की ते करडं, चकाकतं दिसतं.

मग कंपनी लवकर बदला असं का सांगत नाही?

कंपनीला हे माहीत नसतं असं नाही. क्राऊन आणि पिनियनची जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते. म्हणून जोडीतलं एकच बदलता येत नाही. दातांवर बहुधा फॉस्फेटचा थर दिलेला असतो. बऱ्याच गाड्यांत ड्रेन प्लगला लोहचुंबक असतो आणि चुऱ्याचा मोठा भाग तो धरून ठेवतो. हे सगळं गृहीत धरूनच सर्व्हिसचं कोष्टक बनतं. साध्या वापरात, चार माणसं घेऊन डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला ते कोष्टक पुरतं.

पण वापर साधा नसेल तर कंपन्याही वेगळं सांगतात, आणि याचं चांगलं उदाहरण शर्यतीच्या धाटणीच्या महागड्या गाड्यांत सापडतं. बीएमडब्ल्यूच्या साध्या गाड्यांत मागच्या एक्सलचं ऑइल आयुष्यभराचं मानलं जातं. त्याच कंपनीच्या ‘एम’ नावाच्या जोरदार गाड्यांना मात्र २,००० किलोमीटरला खास पहिली सर्व्हिस असते आणि तिच्यात इंजिन ऑइलबरोबर डिफरन्शियलचंही ऑइल बदलतात. ताकद जास्त, दातांवरचा ताण जास्त, शिवाय आत घसरण रोखणाऱ्या प्लेटा असतात आणि त्यांचाही चुरा सुटतो. अमेरिकेत क्राऊन-पिनियनचे सुटे संच विकणारेही बसवल्यानंतर ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर झाले की ऑइल बदला आणि तोवर मागे ओझं ओढू नका असं सांगतात.

आता टमाटे भरून कसारा घाट उतरून वाशीला जाणारी पिकअप घ्या. इंजिन काही बीएमडब्ल्यूचं नाही, पण मागच्या क्राऊनवर रोज जे ओझं पडतं ते हलकं म्हणता येणार नाही. पासिंगपेक्षा जास्त माल भरला जातो हे तर उघड गुपित आहे. अशा गाडीचं पहिलं ऑइल २ ते ५ हजार किलोमीटरच्या दरम्यान एकदा बदलणं शहाणपणाचं आहे. ट्रॉली ओढणारी जीप आणि रोज चिखलात, नांगरटीच्या वावरात जाणारी थार यांनाही हेच लागू. दवाखाना, लग्नकार्य आणि बाजारासाठी ठेवलेल्या बोलेरोला घाई नाही. तिचं पुस्तकाप्रमाणे केलं तरी चालतं.

मात्र ‘एकदा’ म्हणजे एकदाच. पहिला चुरा निघून गेला की पुढे दर पाच हजाराला ऑइल बदलून हाती काही लागत नाही. ओझ्याच्या वापरासाठी बऱ्याच पुस्तकांत वेगळी, कमी अंतराची ओळ दिलेली असते. ती बघा आणि तेवढंच करा.

चुकीचं ऑइल जुन्या ऑइलपेक्षा वाईट

लवकर बदलण्याच्या नादात इथेच जास्त नुकसान होतं. दुकानात जाऊन नुसतं ‘नव्वद नंबर द्या’ म्हणणं पुरेसं नाही. डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. जाडीचा आकडा, म्हणजे ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असा. आणि दर्जा, म्हणजे जीएल-४ की जीएल-५. मागच्या क्राऊनला बहुधा जीएल-५ लागतं, कारण दाब सहन करणारी रसायनं त्यात जास्त असतात. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतलं तर काही गाड्यांत आतल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही आणि गिअर अडखळायला लागतात. एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतायची सवय त्यामुळे महागात पडते. गाडीचं पुस्तक सांगेल ते घ्या आणि सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावा. सुटं ऑइल घेऊ नका.

लॉकिंग डिफरन्शियल असलेल्या गाडीत त्यासाठी पुस्तकात जे ऑइल लिहिलंय तेच लागतं.

ट्रॅक्टरचं गणित निराळं

ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक या सगळ्यांचं ऑइल बहुधा एकाच पोटात असतं. ते दीड-दोन लिटर नसतं, मॉडेलप्रमाणे ३० ते ६० लिटरपर्यंत जातं. हौसेने लवकर बदलायची ही गोष्ट नव्हे. पहिल्या ५० तासांच्या आसपासच्या सर्व्हिसला ते बदलायचं, नुसतं तपासायचं की फिल्टर आणि जाळी साफ करायची, हे प्रत्येक मॉडेलला वेगळं असतं. ती सर्व्हिस चुकवू नका, एवढं खरं.

दुसरं म्हणजे तेलातले ब्रेक. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्यांना ट्रान्समिशन, हायड्रॉलिक आणि ब्रेक तिघांना चालेल असं खास ऑइल लागतं. त्यात स्वस्त म्हणून नव्वद नंबर ओतलं तर ब्रेक लावताना कुरकुर, थरथर सुरू होते आणि हायड्रॉलिकही आळसावतं.

बदलताना समोर उभं राहून काय बघायचं

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा म्हणजे ऑइल पातळ होतं आणि चुरा तळाला बसून राहत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करा. आधी वरचा, भरायचा प्लग उघडायला सांगा आणि मग खालचा. उलट केलं, खालून ऑइल सगळं गेलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच अडकते. असे प्रकार घडतात.

चुंबकावर काजळासारखा करडा-काळा लगदा दिसला तर घाबरायचं कारण नाही. बोटाने चोळून बघा, मऊ लागला तर ठीक. तांदळाच्या कणीएवढा तुकडा, सुईसारखी सळई किंवा दाताचा कोपरा दिसला तर नवीन ऑइल भरून गाडी पाठवू नका. ते वॉरंटीचं काम आहे, फोटो काढून ठेवा आणि तुकडा कागदात बांधून सर्व्हिस सेंटरला दाखवा.

भरताना ऑइल बहुतेक गाड्यांत वरच्या भोकाच्या कडेपर्यंत येऊन ओघळू लागलं की थांबायचं. जास्त भरलं की जास्त चांगलं, हा समज चुकीचा आहे. जादा ऑइल एक्सलच्या टोकाला सीलमधून बाहेर येतं आणि थेट ब्रेक लायनरवर जातं. भरल्या गाडीचा एका चाकाचा ब्रेक धरेनासा झाला तर काय होईल ते सांगायला नको. प्लगची वायसर नवीन टाका, दहा-वीस रुपयांचा प्रश्न असतो.

एक्सलवर एक छोटी नळी किंवा टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतली गरम हवा तिच्यातून बाहेर पडते. चिखलाने ती बुजली की आतला दाब सीलवर येतो. ऑइल गळतंय म्हणून सील बदलत बसण्याआधी ही टोपी साफ करून बघा.

ओढ्यात गाडी घातली असेल तर किलोमीटर मोजू नका

पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालायचीच नसते. तरीही एक्सल पाण्यात बुडाला असेल तर किती किलोमीटर झाले हा प्रश्न उरत नाही. तापलेला एक्सल एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर-सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. ते दातांना वाचवत नाही, उलट बेअरिंगला गंज चढवतं. वरचा प्लग उघडून बोट घातलं तरी रंग कळतो. तसं दिसलं तर त्याच आठवड्यात ऑइल बदला, गाडी नवी असो की जुनी. आपल्या भागात क्राऊन खराब व्हायला पहिल्या ऑइलच्या चुऱ्यापेक्षा हे पाणी जास्त कारण ठरू शकतं.

जुन्या गाडीला गॅरेजात नवीन क्राऊन-पिनियन बसवलं असेल, तर मात्र लवकर ऑइल बदलणं जवळपास सक्तीचं समजा. पहिले काही दिवस रिकामी किंवा हलकी गाडी चालवा, अर्ध्या तासाने थांबून एक्सल गार होऊ द्या. ८०० ते १,००० किलोमीटरला ऑइल काढा. एक्सलेटर दिल्यावर ‘हूं’ असा आवाज येत असेल आणि पाय काढला की तो बदलत असेल, तर दातांची जुळणी चुकलेली असू शकते. ऑइल कितीही बदललं तरी तो आवाज जाणार नाही, मिस्त्रीकडून जुळणी पुन्हा करून घ्या.

नव्या गाडीचं ऑइल वॉरंटीत लवकर बदलायचं ठरवलं तर ते अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच, पैसे देऊन बदला. बिलावर ऑइलचा दर्जा, लिटर आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. पुढे वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. काढलेलं ऑइल गॅरेजच्या पिंपातच राहू द्या. ते गोचिडांसाठी जनावरांच्या अंगाला चोळायला घरी नेऊ नका, आणि विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कडेला तर अजिबात ओतू नका.