सुवर्णनाण्यांना कृत्रिम जुनेपणा आणणे

सुवर्णनाण्यांना कृत्रिम जुनेपणा आणणे : नव्या सोन्याच्या नाण्याची झळाळी उतरवून त्यावर जुनाट कळा चढवण्याची क्रिया. ती शोभेसाठी केली जाते, तशीच फसवणुकीसाठीही. दागिन्यांवर सराफ गेरूची लालसर झाक देतात, तेव्हा गिऱ्हाइकाने ती मागूनच घेतलेली असते. तीच झाक देऊन कालचे नाणे शिवकालीन म्हणून खपवले, तर तो सरळ गुन्हा होतो.

शुद्ध सोने हवेने, पाण्याने किंवा मातीने काळवंडत नाही. म्हणून सोन्याच्या नाण्यावर चढलेला रंग बहुधा त्यातल्या मिसळीचा असतो. ब्रिटिश गिन्नी २२ कॅरटची, म्हणजे तिच्यात बारावा हिस्सा हीण, आणि त्यात मुख्यतः तांबे. १९१८ साली मुंबईत पाडलेल्या गिन्न्याही याच कसाच्या होत्या. पृष्ठभागावरचे तांबे हवेने तांबूस-तपकिरी होते. मिसळीत चांदी असेल तर ती गंधकाने काळी पडते. हा थर इतका पातळ असतो, की पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे त्यात रंग खेळतात, आणि थराची जाडी बदलली की रंगही पालटतो.

अशा रंगांसाठी सर्वांत नावाजलेली नाणी इटलीतील बॉस्कोरेआले येथील. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हिअसच्या उद्रेकात गाडला गेलेला सुमारे एक हजार रोमन सुवर्णनाण्यांचा साठा १८९५ मध्ये तेथे सापडला. त्यांतील अनेक नाण्यांवर तांबडी-जांभळी छटा आहे. संग्राहक तिच्यासाठी जादा पैसे मोजतात, म्हणून नक्कलही तिचीच होते : नाणे मंद आचेवर तापवतात किंवा गंधकाच्या संयुगांनी त्यावर थर चढवतात.

रंगापेक्षा झीज आणणे अवघड. या कामात जर्मन कोरक कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) याच्याइतके नाव दुसऱ्या कुणाचे झाले नाही. स्पायर येथे जन्मलेला बेकर पुढे ऑफेनबाख येथे ईझेनबुर्गच्या राजपुत्राच्या पदरी होता. ग्रीक, रोमन, व्हिसिगॉथिक अशा तीनशेहून अधिक नाण्यांचे ठसे त्याने स्वतः पोलादात कोरले. धातू जुना भरावा म्हणून काही वेळा तो कमी किमतीची अस्सल प्राचीन नाणीच घेऊन त्यांवर नवा छाप मारी. तयार नाणी लोखंडाच्या तेलकट किसाने भरलेल्या पेटीत घालून ती पेटी तो आपल्या घोडागाडीच्या आसाला बांधी आणि गाडी फिरवून आणी. खडखडाटात कीस नाण्यांवर घासत राही. अक्षरांच्या धारा बोथट होत, चमक जाई आणि खोलगट भागांत काळपट मळ बसे. ‘म्हाताऱ्या मंडळींना फिरवून आणतो’ अशा आशयाचे त्याचे बोलणे नाणकशास्त्रात आजही सांगितले जाते. त्याची कोरणी थक्क करणारी होती. म्हणूनच त्याने केलेले नुकसान मोठे आहे : अनेक नामांकित संग्रहांत ही नाणी अस्सल म्हणून शिरली. ब्रिटिश म्युझियमचे जॉर्ज हिल यांनी १९२४-२५ मध्ये त्यांची सविस्तर सूची छापली, तेव्हा ती ओळखणे पुष्कळ सोपे झाले.

परीक्षा भिंगाखाली होते. हाताळणीची झीज उंचवट्यांवर, म्हणजे नाक, गाल, केस यांवर आधी दिसते आणि खोलगट भाग टवटवीत राहतो. पेटीत घोळवलेल्या नाण्याची झीज सगळीकडे सारखी असते. ताज्या ओरखड्याच्या तळातही रंग अखंड उतरलेला असेल, तर तो ओरखड्यानंतर चढवलेला आहे. लाख किंवा वार्निश लावून बसवलेला मळ ॲसिटोनने सुटतो. धातूशी एकजीव झालेला थर सुटत नाही. रंगाविषयी शंका असलेल्या नाण्याला प्रतवारी करणाऱ्या संस्था नेहमीची श्रेणी देत नाहीत.

महाराष्ट्रात या नकलांचा सर्वाधिक उपद्रव शिवराई होनाला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेले हे सुमारे २.८ ग्रॅमचे नाणे अतिशय दुर्मीळ, आणि बनावट होन मात्र उदंड. त्याची पारख करताना मातकट रंगाकडे पाहूच नये. आधी वजन आणि कस पाहावा, मग ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ या अक्षरांची वळणे संग्रहालयातील अस्सल होनाशी ताडून पाहावीत. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा गुळगुळीत येतात आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे राहतात; वरून कितीही माती चोळली तरी ती भिंगाखाली दिसतात.