तुटपुंजे विद्यावेतन आणि चांद्याचा बॅरिस्टर

विद्यावेतन, म्हणजे शिक्षणकाळातील निर्वाहासाठी दिली जाणारी ठरावीक रक्कम, हे ज्या समाजाच्या हाती वतन नाही आणि व्यापारही नाही त्याच्यासाठी परदेशी शिक्षणाचे जवळजवळ एकमेव दार होते. मात्र ती रक्कम क्वचितच पुरी पडे. बडोदा संस्थानाने 1913 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले, त्या बदल्यात दहा वर्षे नोकरीचा करार लिहून घेतला, आणि त्यातूनही ते घरी पैसे पाठवीत. मुदत सरल्यामुळे 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज यांवर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा खाणावळीतील अपुऱ्या जेवणानंतर रात्रीच्या अभ्यासात भाजलेल्या पापडांवर भूक भागवीत; विद्वत्तेच्या गौरवात हे पापड सहसा विसरले जातात.

आजचे चंद्रपूर आणि 1982 मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली मिळून झालेल्या जुन्या चांदा जिल्ह्यातून राजाभाऊ खोब्रागडेही लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले; मात्र त्यांच्यामागे सधन घर होते, हा फरक निर्णायक मानावा लागतो. ते 1969 मध्ये राज्यसभेचे उपसभापती झाले.