संत मायकल ते संत जॉर्ज

दक्षिण जर्मनीत बीअरला ऋतू असतात. उन्हाळ्यात गव्हाची हलकी, किंचित धूसर बीअर; सप्टेंबर सरू लागला की तांबूस मेर्त्सन; उपवासकाळात गडद आणि जड डोप्पेलबॉक. ऋतुमानाप्रमाणे चव बदलण्याची ही हौस आता जगभर पसरली आहे, आणि लहान ब्रुअरी निघाल्यापासून पुण्या-मुंबईतल्या फलकांवरही ही जर्मन नावे वाचायला मिळतात. पिणाऱ्याला वाटते की हे सारे रसिकतेतून जन्मले असावे. वस्तुतः हे वेळापत्रक उष्म्याने, आगीच्या भयाने आणि राजाज्ञेने घडवले, आणि त्याला तारखा पुरवल्या त्या संतांच्या सणांनी.

२३ एप्रिल १५१६ रोजी, म्हणजे संत जॉर्जच्या सणादिवशी, बव्हेरियाचे ड्यूक चौथे विल्हेल्म व दहावे लुडविग या बंधूंनी इंगोलश्टाट येथे एक फर्मान काढले. बीअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांवाचून काही घालू नये, हे त्यातील कलम जगप्रसिद्ध आहे. 'शुद्धतेचा कायदा' हे त्याचे आजचे नाव मात्र विसाव्या शतकातले. प्रत्यक्षात फर्मानाचा आरंभ होतो तो दरापासून. संत मायकलच्या सणापासून (२९ सप्टेंबर) संत जॉर्जच्या सणापर्यंत एका मापाला, म्हणजे सुमारे एक लिटर बीअरला, एक फेनिगहून अधिक घेऊ नये. संत जॉर्जपासून संत मायकलपर्यंत दोन फेनिगहून अधिक घेऊ नये. हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्याचा दर थेट दुप्पट!

सामान्य माणसाला कळावी अशी तारीख सांगायची तर ती संतांच्या नावानेच सांगावी लागे. आपल्याकडची जुनी माणसेही एखाद्या लग्नाची किंवा मोठ्या पावसाची आठवण तारखेने नव्हे, तर जवळच्या सणाच्या आधाराने सांगत.

दर दुप्पट का? त्याचे उत्तर यीस्टमध्ये आहे, पण त्या काळी यीस्ट म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हते. फर्मानात त्याचा उल्लेखही नाही. बव्हेरियात वापरले जाणारे यीस्ट थंडीत, सावकाश काम करणारे आणि काम आटोपले की पिंपाच्या तळाशी बसणारे होते. थंडीत बीअर नासवणारे इतर जंतू निष्प्रभ राहतात. उन्हाळ्यात मात्र त्यांचेच राज्य, आणि अशा दिवसांत लावलेली बीअर हमखास आंबट होई. त्यात भट्टीची आग आणि लाकडी घरांची वस्ती. म्हणून १५५३ मध्ये ड्यूक पाचवे आल्ब्रेख्त यांनी संत जॉर्जपासून संत मायकलपर्यंत बीअर बनवण्यावरच बंदी घातली. ती १८५० पर्यंत टिकली. जवळजवळ तीनशे वर्षे एका प्रदेशाची बीअर दोन संतांच्या सणांमध्ये कोंडलेली होती!

उन्हाळा काढायचा तर मार्च महिन्यात हात चालवावा लागे. ही मार्चची बीअर अधिक कसदार केली जाई व तिच्यात हॉप्सही सढळ हाताने पडत, कारण हॉप्सचा कडूपणा नासाडी रोखतो. (बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांनी बाराव्या शतकातच हा गुण नोंदवून ठेवला आहे.) जास्त माल, जास्त हॉप्स आणि महिनोन्‌महिने साठवण, एवढा खर्च म्हटल्यावर दर चढणारच. मार्चवरून तिचे नाव पडले मेर्त्सन. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत रचायचा, वर जमिनीत खडी पसरायची आणि रुंद पानांची चेस्टनटची झाडे लावायची, म्हणजे खालची पिंपे सावलीत राहत. त्याच सावलीत बाके मांडून ब्रुअरीवाले बीअर विकू लागले. शहरातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ मध्ये राजे माक्सिमिलियन योसेफ यांनी मधला मार्ग काढला: जून ते सप्टेंबर तळघरावर बीअर विकावी, पण पावाखेरीज खाद्यपदार्थ देऊ नयेत. आजही म्युनिकच्या पारंपरिक बीअर-बागांत लोक घरचा डबा घेऊन जातात, तो या निवाड्याचा वारसा. शरद ऋतूत नवा माल यायच्या आत जुनी पिंपे रिकामी करायची, म्हणून मेर्त्सन सप्टेंबर-ऑक्टोबरची बीअर झाली.

गव्हाच्या बीअरला ही बंदी जाचली नाही. तिचे यीस्ट वर तरंगणारे, उबेत काम करणारे. शिवाय तिचा मक्ता आधी डेगेनबेर्ग या सरदार घराण्याकडे होता आणि १६०२ नंतर खुद्द राजघराण्याकडे गेला. कायदा करणाराच विक्रेता असला की सवलती कशा निघतात, हे वाचकांना सांगायला नको.

आता उपवासकाळाच्या बीअरकडे वळू, कारण आपल्या दृष्टीने खरी गंमत तिच्यात आहे. ज्या उत्तरेकडील प्रदेशांत द्राक्षे पिकत नसत, तिथले मठवासी बीअर बनवत. नवव्या शतकातील संत गॉल मठाच्या प्रसिद्ध आराखड्यात त्यासाठी स्वतंत्र इमारती दाखवल्या आहेत. पेयाने उपवास मोडत नाही, असे ख्रिस्तसभेत पूर्वापार मानले जाई. अशा वेळी सातूचा कस उतरलेली बीअर म्हणजे अर्धे अन्नच.

म्युनिकच्या आऊ या उपनगरात १६२७ मध्ये मिनिम संघाचे मठवासी येऊन राहिले. त्यांचे संस्थापक पाओलाचे संत फ्रान्सिस (१४१६–१५०७); म्हणून लोक त्यांना पाउलानर म्हणत. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर या संघाचे चौथे व्रत होते ते आजन्म उपवासकाळाचे: मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणीही नाही. १६३४ मध्ये शहरातील ब्रुअरीवाल्यांनी नगरसभेकडे तक्रार केली की हे मठवासी बीअर विकून आमच्या पोटावर पाय देतात. आजन्म उपवास करणाऱ्यांच्या बीअरचा हा पहिला लेखी पुरावा, आणि तोही स्पर्धकांच्या तक्रारीतून यावा!

या बीअरविषयी एक कथा फार आवडीने सांगितली जाते. मठवासीयांनी उपवासकाळी ती पिण्याची परवानगी मागण्यासाठी एक पिंप रोमला पाठवले. आल्प्स ओलांडून जाईतो ते नासले. परमगुरुस्वामींनी तो आंबट घोट चाखला आणि असले पेय पिणे हेच प्रायश्चित्त आहे, असे म्हणून परवानगी दिली. कथा छान आहे, पण मला ती खरी वाटत नाही. पेयाला मुळात मज्जाव नव्हता, तर परवानगी कशाला मागावी?

नावाकडे लक्ष दिले तर निराळीच गोष्ट उलगडते. मठाची सर्वांत दणकट बीअर 'सांक्त फाटर' म्हणजे 'संतपित्याची बीअर' म्हणून ओळखली जाई, आणि ती संस्थापकांच्या सणासाठी, २ एप्रिलसाठी, तयार होई. ही तारीख बहुधा उपवासकाळात पडते. म्हणजे जिला आज आपण उपवासाची बीअर म्हणतो ती मुळात उपवासाच्या मधोमध येणाऱ्या सणाची बीअर होती. बोलता बोलता 'सांक्त फाटर'चे 'साल्वाटोर' झाले असे मानतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ तारणारा. १७७३ मध्ये मठात आलेल्या ब्रदर बार्नाबास यांनी तिच्या कृतीला पक्के रूप दिले.

१७९९ मध्ये मठ बंद करण्यात आला. १८०६ मध्ये फ्रान्झ झावेर त्साखर्ल यांनी ब्रुअरी भाड्याने घेतली व पुढे विकत घेतली. 'साल्वाटोर' हे नाव १८९६ मध्ये कायद्याने राखीव झाले, तेव्हा ते वापरणाऱ्या इतर ब्रुअरींनी निदान शेपूट तरी राखले: ऑप्टिमाटोर, ट्रायम्फाटोर, माक्सिमाटोर. एका पदवीचा असा प्रत्यय व्हावा हे भाषेच्या अभ्यासकांना रंजक वाटेल. भाविकाला थोडे खटकेल.

ऋतूंची सक्ती संपवली ती यंत्राने. कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र १८७० च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत चालू लागले. पाश्चरचा बीअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये आला आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबेर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे वाढवले. मग ऐन जुलैतही बीअर लावता येऊ लागली. मार्चमध्येच करावी लागणारी मेर्त्सन कोणत्याही महिन्यात होते. म्युनिकच्या ऑक्टोबर-उत्सवातही तांबूस मेर्त्सनची जागा आता सोनेरी, हलक्या रंगाच्या बीअरने घेतली आहे.

साल्वाटोरने मात्र आपली वेळ सोडलेली नाही. आजही उपवासकाळातच म्युनिकच्या नॉकरबेर्ग टेकडीवर तिचे पहिले पिंप समारंभाने फोडतात. समोर बसलेल्या पुढाऱ्यांची खिल्ली उडवणारे एक भाषण होते, ते बव्हेरियाभर दूरचित्रवाणीवर दिसते आणि टेबलांवर मांसाच्या थाळ्या येतात. अनेक वर्षे हे भाषण ब्रदर बार्नाबासच्या वेषातला नट करीत असे. ज्यांनी आयुष्यभर लोणीदेखील चाखले नाही, त्यांचा आऊमधला मठ आता उरलेला नाही. मिनिम संघ मात्र आहे, आणि कालाब्रियातील पाओला येथे संस्थापकांच्या तीर्थस्थानी लोक अजून जातात.