मायएसक्यूएल इन्स्टॉल झालं, पण सर्व्हर सुरूच होत नाही? आधी एरर लॉग उघडा

निघोजेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टॉकच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बसवायला गेलो होतो. गुरुवार, म्हणजे सुट्टी, त्यामुळे कॉम्प्युटर मोकळा. विंडोजवर झॅम्प इन्स्टॉल केलं, मायएसक्यूएलसमोरचं 'स्टार्ट' दाबलं. क्षणभर पिवळं झालं आणि लाल अक्षरांत मेसेज आला: 'शटडाउन अनएक्सपेक्टेडली'.

मालकांच्या पुतण्याने लगेच मोबाईलवर उपाय शोधला, 'डेटा फोल्डरमधली आयबीडेटा1 फाइल डिलीट करा.' हे अजिबात करू नका! इनोडीबी टेबलांचा सगळा हिशेब या फाइलमध्ये असतो. ती गेली की टेबलांची नावं दिसतात, पण टेबल उघडत नाही. कोऱ्या इन्स्टॉलमध्ये चालून जाईल, पण सवय वाईट.

त्याऐवजी मायएसक्यूएलच्या ओळीतलं 'लॉग्ज' बटण दाबा, एरर लॉग उघडा आणि शेवटून वर वाचत या. आमच्या लॉगमध्ये सर्व्हरच विचारत होता की पोर्ट 3306 वर आधीच दुसरा सर्व्हर चालू आहे का?

पोर्ट म्हणजे एमआयडीसीतल्या गाळ्याचा नंबर समजा. एका गाळ्यात दोन वर्कशॉप बसत नाहीत. मायएसक्यूएलचा ठरलेला गाळा 3306. तिथे कोण बसलंय हे झॅम्पमधलं 'नेटस्टॅट' बटण दाखवतं. आमच्याकडे निघाली आधीच्या बिलिंग सॉफ्टवेअरने बसवलेली मायएसक्यूएल सर्व्हिस.

बरेच जण सांगतात, ती सर्व्हिस बंद करा. केली असती तर सर्व्हर सुरू झाला असता आणि शुक्रवारी सकाळी माल गेटवर, पण बिल निघेना! म्हणून जुन्याला हात न लावता नव्याला 3307 दिला. 'कॉन्फिग' बटणातून माय डॉट आयएनआय फाइल उघडा, क्लायंट आणि मायएसक्यूएलडी या दोन्ही भागांत 3306 बदला. हाच नंबर पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या कॉन्फिग फाइलमध्ये आणि तुमच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्येही टाका, नाहीतर ते जुन्याच डेटाबेसचं दार ठोठावत बसेल. (इथेच लोक हमखास चुकतात. मीही चुकलो, अर्धा तास गेला.)

लॉगमध्ये पोर्टचं नाव नसेल आणि फाइल खराब झाल्याचं लिहिलं असेल, तर मधेच लाईट गेली होती का ते विचारा. काहीही करण्याआधी अख्खा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा.

निघताना जुन्या सॉफ्टवेअरमधून एक बिल काढून बघितलं. निघालं.