ओलांडणे

भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंध घाटात, जेथे एका अंगास कडा व दुसऱ्या अंगास दरी आहे, तेथेही पुढची मालमोटार मागे टाकण्याची जी घाई चालकांच्या अंगी संचारते, तिला आता सर्रास ‘ओव्हरटेक’ म्हणतात. परंतु ज्या ‘ओलांडणे’ या क्रियापदाचा त्यामुळे विसर पडतो, त्याचे कूळ संस्कृत ‘उल्लंघना’पर्यंत, म्हणजे उडी घेणाऱ्या ‘लंघ्’ धातूपर्यंत जाऊन भिडते. हलका आणि चपळ असे दोन्ही अर्थ वाहणारा ‘लघु’ त्याचा सगोत्र, वेगवान या अर्थाचा वैदिक ‘रघु’ हे त्या लघूचेच रूप, आणि शरीर हलके करणारे वैद्यांचे ‘लंघन’ही त्याच घरचे, वेग व हलकेपणा यांची ही सोयरीक मला फार मोलाची वाटते. ‘अतिक्रमणा’चे मात्र वाईट झाले: पाऊल टाकून पलीकडे जाणे हा त्याचा मूळ अर्थ, तो कचेरीच्या दफ्तरात शिरून बेकायदा कबजा होऊन बसला.

वेल्ह्याकडे आजही उंबरा, ओढा, शिवार ओलांडतात. पुढची गाडी मात्र आधी ‘गाठतात’, ज्यात ग्रंथीची गाठ आहे, आणि मग ‘मागं टाकतात’.