शिडी ओढून घेणारे

इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे: वर चढून गेल्यावर मागची शिडी ओढून घेणं. आपण माळ्यावर पोहोचलो, आता खालच्या कुणाला येता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. ऑफिसात किंवा राजकारणाच्या गप्पांत तो तुमच्या कानावर आला असेल. १८४१ साली फ्रीडरिश लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं अशीच शिडीची उपमा एका अख्ख्या देशाला लावली. त्याचं म्हणणं असं, की इंग्लंड जकाती आणि बंद्यांच्या शिडीनं वर चढलं, आणि वर गेल्यावर ती लाथाडून इतरांना खुल्या व्यापाराचे धडे देऊ लागलं.

तुम्ही सिटीवेस्टला राहत असाल, तर या गोष्टीचं एक टोक तुमच्या घरापासून लांब नाही. सॅगर्टहून लुआसच्या लाल मार्गानं शहराकडे निघालात, की जेम्सेसच्या थांब्यापाशी लिबर्टीजचा भाग सुरू होतो. ही डब्लिनमधली विणकरांची जुनी वस्ती. सतराव्या शतकाच्या शेवटी आयर्लंडचं लोकरी कापड चांगलं खपत होतं. इथली मजुरी स्वस्त, म्हणून इंग्लंडमधले कापडवाले हवालदिल झाले. त्यांनी पार्लमेंटकडे धाव घेतली आणि १६९९ साली कायदा झाला: आयर्लंडनं लोकरी कापड इंग्लंडखेरीज कुठंही विकायचं नाही. आणि इंग्लंडमध्ये विकायचं म्हटलं, तर जकात इतकी की विकून परवडू नये. यात पोळलेले बरेच कापडवाले मूळचे इंग्लंडहून येऊन इथं स्थायिक झालेले होते. शिडी ओढली गेली ती आपल्याच भावकीच्या पायाखालून.

त्याच सुमारास दुसरी शिडी ओढली गेली ती आपली. सुरतेहून आणि इतर बंदरांतून जाणाऱ्या छापील सुती कापडानं लंडनच्या बायकांना वेड लावलं होतं. १७०० सालच्या कायद्यानं ते आणून वापरायला बंदी केली. १७१९ साली तर लंडनचे विणकर भर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे सुती कपडे फाडत सुटले. मग १७२१च्या कायद्यानं बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालणंच गुन्हा ठरवलं. १७१९ सालीच आणखी एक कायदा झाला. कुशल कारागिरांना फूस लावून परदेशी नेणं हा गुन्हा ठरला, आणि परदेशी गेलेला कारागीर बोलावूनही परतला नाही तर त्यालाही शिक्षा होती. तो १८२४पर्यंत टिकला. ज्या कौशल्यासाठी आयर्लंड आज तुम्हाला-मला परमिट देऊन बोलावतं, तसं कौशल्य देशाबाहेर नेण्यावर तेव्हा पहारा होता.

शिडी ओढली की खालचे काय करतात? डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे डीन जोनाथन स्विफ्ट यांनी १७२० साली पत्रक काढून आयरिश लोकांना आयरिश कापडच वापरा असं सांगितलं. सरकारनं छापणाऱ्यावर खटला भरला. ज्यूरीनं त्याला निर्दोष ठरवलं, तर न्यायाधीशानं ज्यूरीला नऊ वेळा फेरविचाराला परत पाठवलं. पुढे १८७२ साली पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी खादीचं व्रत घेतलं आणि १८७७च्या दिल्ली दरबारालाही ते खादीतच गेले.

तोवर मुंबईत गिरण्यांची धुराडी उभी राहिली होती. लँकेशायरच्या दबावाखाली १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला गेला. म्हणायला बरोबरीचा न्याय! तो हटायला १९२५ साल उजाडलं. त्या वर्षी मालकांनी पगार साडेअकरा टक्क्यांनी कापला, गिरणी कामगारांनी महिनोन्‌महिने संप केला. मग कर स्थगित झाला आणि कापलेला पगार परत मिळाला.

आता सिटीवेस्टकडे परत येऊ. २०२५च्या जुलैत शेजारच्या टालामध्ये एका भारतीय माणसाला जबर मारहाण झाली. ऑक्टोबरमध्ये, एका गंभीर गुन्ह्याच्या आरोपानंतर, सिटीवेस्टमधल्या आश्रयार्थींच्या निवासाबाहेर दंगल उसळली आणि पोलिसांची गाडी जळाली. त्यानंतर आपल्या लोकांच्या बैठकींतही एक वाक्य ऐकू येतं: आम्ही रीतसर आलो, कर भरतो, हे लोक वेगळे, आता दार बंद केलेलं बरं.

घरांची टंचाई खरी आहे, भाडी खरी आहेत, त्यावर बोलायलाच हवं. पण १६९९च्या कापडवाल्यांची तक्रारही खोटी नव्हती. स्वस्त मजुरी होतीच. शिडी ओढणारा कधीच म्हणत नाही की मी शिडी ओढतोय. तो म्हणतो, मी घर राखतोय. आणि मारणाऱ्यानं टालामध्ये परमिट विचारलं नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी अशा चर्चेत बसाल, तेव्हा एक हिशोब मनाशी करा. आज जो नियम तुम्हाला योग्य वाटतो, तो तुम्ही दोन बॅगा घेऊन उतरलात त्या वर्षी असता, तर तुम्ही आत आला असता का? उत्तर 'हो' असेल, तर तो नियम मोकळेपणानं मांडा. 'नाही' असेल, तर हात कशावर आहे तेवढं बघा.