चांदणी चौकातील मधली वाट

गाझियाबादेत बदलून आलेल्या आमच्यासारख्या मराठी माणसाचा दिल्लीशी परिचय बहुधा उंचावरूनच होतो. शहीद स्थळ स्थानकावर मेट्रोत बसावे, हिंडन नदी ओलांडावी, मोहननगर मागे टाकावे आणि खाली जी. टी. रस्त्यावर चाललेली झोंबाझोंबी खिडकीतून पाहत काश्मिरी गेट गाठावे. तेथे गाडी बदलली की पुढचेच स्थानक चांदणी चौक. 8 मार्च 2019 पासून ही सोय झाली. या मार्गाचे प्रचंड खांब पुष्कळ ठिकाणी जुन्या रस्त्याच्या मधोमध रोवलेले आहेत. ते पाहता पाहता आम्हांस एक नाद लागला आहे. कोणताही रस्ता पाहिला की त्याचा मध्य कोणासाठी राखला आहे, हे आधी पाहायचे. रस्त्याचा खरा धनी कोण, हे तेवढ्यावरून कळते.

या दृष्टीने चांदणी चौकाचा इतिहास वाचण्यासारखा आहे. शहाजहानने 1639 साली नव्या राजधानीचा पाया घातला आणि 1650 च्या सुमारास त्याची कन्या जहांआरा बेगम हिने हा बाजार आखविला. किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सरळ मार्ग, दुतर्फा दुकाने आणि मध्ये वाहता कालवा. हमरस्त्याचा मध्य पाण्याला आणि झाडांच्या सावलीला दिलेला, म्हणजेच पायी चालणाऱ्याला दिलेला. 1760 च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंच्या फौजा दिल्लीत होत्या. भाऊंनी दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढविले, ही कथा आपल्याकडे शाळकरी पोरासही ठाऊक असते. बाजारातल्या कालव्याची आठवण मात्र कोणी काढीत नाही. असो. अठराव्या शतकात हा कालवा कोरडा पडला; 1820 मध्ये इंग्रजांनी त्यात पुन्हा पाणी आणले. पुढे 1857 नंतर नगराचे रूपच पालटले. बेगमेच्या चौकात, जेथे तलाव होता तेथे, घंटाघर उभे राहिले, आणि कालांतराने कालवाही झाकला गेला.

या मधल्या वाटेवर पुढे आली ती ट्राम. 6 मार्च 1908 रोजी दिल्लीत विजेची ट्राम सुरू झाली. दिवे लावणारी आणि ट्राम चालविणारी कंपनी एकच होती, त्यामुळे उजेड आणि वाहन ही दोन्ही नवलाई दिल्लीकरांच्या दारी जोडीनेच आली. जामा मशीद, चावडी बाजार, लाल कुआँ, फतेहपुरी ही गर्दीची ठाणी ट्रामने सदर बाजार, सब्जीमंडी आणि पहाडगंजाशी जोडली. 1921 च्या सुमारास, म्हणजे ऐन भरात, सुमारे 15 किलोमीटर मार्गावर 24 गाड्या धावत होत्या. मुंबईच्या मानाने हा पसारा लहानच. मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874 रोजी निघाली, 1907 मध्ये तिला वीज मिळाली आणि 1920 मध्ये दुमजली गाडीही आली.

ट्राम ही केवळ गाडी नव्हे, ती रस्त्याची एक बांधणी आहे, हे आज विसरले गेले आहे. खाच असलेला रूळ रस्त्याच्या पातळीत बसवायचा, म्हणजे बैलगाडीचे चाकही त्यावरून सहज जावे. दोन रुळांमध्ये दगडी चिरे बसवायचे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी तेवढेच उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवता यावेत. ब्रिटनच्या 1870 च्या कायद्याने तर दोन रुळांमधील आणि बाहेरच्या अंगाचा 18 इंच रस्ता सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी ट्रामवाल्यांवरच टाकली होती. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या वाचकांस या कलमाचे मोल निराळे सांगावयास नको. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यास एक निश्चित मालक होता, आणि खड्डा पडला तर कोणास पत्र लिहावे हे ठाऊक होते!

पुढे मोटारी वाढल्या आणि ट्राम रहदारीस अडथळा करते अशी ओरड सुरू झाली. वस्तुतः रुळांवर मागाहून चढल्या त्या मोटारी. ट्राम आपली वाट सोडून कोठेच गेली नव्हती. दिल्लीतील ट्राम 1963 मध्ये बंद झाली. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदराहून दादरला गेली. मुंबईतले सगळे रूळ उखडण्याचे श्रम कोणी घेतले नाहीत, काही डांबराखाली तसेच राहिले. अलीकडे फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी त्यांतले काही पुन्हा उजेडात आले.

कोलकात्याची हकीकत अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे ट्राम काढली नाही, तिचे रूळ 'सुधारले'. अनेक रस्त्यांवर ट्रामला मध्यभागी हिरवळीचा राखीव पट्टा होता. या शतकाच्या पहिल्या दशकात तो पट्टा मोडून रूळ सिमेंट काँक्रीटमध्ये बसविण्यात आले, जेणेकरून मोटारींनाही त्यावरून जाता यावे. रूळ नवे झाले, वाट मात्र गेली. ट्राम मोटारींच्या गर्दीत अडकू लागली. उतारूला गाडी पकडण्यासाठी भर रहदारीत उभे राहावे लागू लागले. आणि दुरुस्तीसाठी चिरा उचलण्याऐवजी काँक्रीट फोडणे आले. आमच्या मते कोलकात्याच्या ट्रामचा प्राण याच सुधारणेने कंठाशी आणला. सप्टेंबर 2024 मध्ये मैदान ते एस्प्लनेड एवढा एक मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचा मनोदय तेथील सरकारने जाहीर केला, आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात गाजले.

आता पुन्हा चांदणी चौकात येऊ. 2018 च्या अखेरीस येथे पुनर्रचनेचे काम सुरू झाले आणि सप्टेंबर 2021 मध्ये नवा मार्ग खुला झाला. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंत सुमारे 1.3 किलोमीटर लाल दगडाची फरसबंदी, बसण्यास बाके, आणि सकाळी 9 पासून रात्री 9 पर्यंत मोटारींना बंदी. ट्राम परत आणण्याचा विचारही काही काळ होता. तो सोडून देण्यात आला. मध्यभागाचे काय केले? तेथे एक पट्टा राखला आणि त्यावर विजेची रोहित्रे व शौचालये यांची सोय लावली. बाजाराला या वस्तू हव्यात हे खरे, पण जहांआरेने जेथे पाणी वाहविले तेथे रोहित्र पाहून आम्हांस क्षणभर हसावे की रडावे कळेना.

तरीही आम्ही त्या रस्त्याची निंदा करणार नाही. गेल्या खेपेस आम्ही सहकुटुंब गेलो होतो. सौभाग्यवतींना किनारी बाजारातून जर खरेदी करायची होती. आम्ही फतेहपुरीपासून किल्ल्याच्या रोखाने निघालो. बंदी असूनही दोनचार मोटारसायकली अंगावरून गेल्या, सायकलरिक्षांची रेटारेटी होतीच. पण एरवी आम्ही रस्त्याच्या मधून चाललो, आणि कोणी कर्णा वाजवून आम्हांस बाजूला काढले नाही. जुन्या घंटाघराच्या जागेजवळ एक वृद्ध गृहस्थ बाकावर निवांत शेंगा सोलीत बसले होते. आम्हीही शेजारी टेकलो.

परतताना मोहननगरला उतरलो. एका स्नेह्यांकडे जायचे होते आणि त्यांचे घर रस्त्यापलीकडे. मेट्रोच्या दोन खांबांमध्ये, अरुंद कठड्यावर, जराची पिशवी छातीशी धरून, आम्ही रहदारीत फट पडण्याची वाट पाहत पुष्कळ वेळ उभे होतो.